गरम झाली की रुसणारी गाडी

फेरीबोट धक्क्याला टेकली, पुढचं झाकण खडखडत खाली पडलं आणि गुद्वेगने किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच खर्रर्र करत फिरलं, धरेना. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. बोटीवर चढलं की इंजिन बंद करायचं, हा नियम. खाडी ओलांडायला लागतात पंचवीस मिनिटं. नेमकी त्या पंचवीस मिनिटांनंतर तिची जुनी निळी गाडी हट्टाला पेटायची. मागे तीसेक गाड्या खोळंबल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. या किनाऱ्यावर कुणी वाजवतच नाही, नुसते समोर बघत बसतात. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या.

ओडवार धावत आला. बोटीवर गाड्या लावून घेणारा हा पन्नाशीचा गडी लहानपणी गुद्वेगच्या रविवारच्या बायबल वर्गात होता, म्हणून अजूनही तिला बाई म्हणे.

"बाई, ब्रेकवरचा पाय काढा. ढकलतो."

"थांब रे, एकदा अजून बघते."

"मागे बेकरीची व्हॅन आहे. तुमचं बघून होईस्तोवर पाव शिळे होतील."

तिघांनी ढकलून गाडी धक्क्यावर काढली. गुद्वेग मांडीवर हात ठेवून पाऊण तास बसून राहिली. मग किल्ली फिरवली, तर गाडी एका दमात सुरू! जसं काही झालंच नव्हतं.

परतीच्या खेपेला ओडवार तिच्या खिडकीशी आला आणि बुटांकडे बघत म्हणाला, "बाई, कप्तान म्हणतो, अजून एकदा असं झालं तर ही गाडी बोटीवर घ्यायची नाही. मला सांगायला लाज वाटते."

"लाज तुला कशाला? गाडीला वाटायला हवी."

बोलली खरी, पण बोटीशिवाय तिचं भागणार नव्हतं. तिचा नवरा तोरलेव पलीकडच्या तीरावरच्या शुश्रूषागृहात होता. दोन वर्षांपूर्वी झटका आला, त्यात त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. रोज बारा वाजल्यापासून तो खिडकीशी बसे, आणि एक वाजता निळी गाडी वळणावर दिसली की मगच तोंड उघडे. नर्सने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेई. रस्त्याने वळसा घालायचा तर साडेतीन तास. बस आठवड्यातून दोनदा. दुसरी गाडी पेन्शनीत बसणारी नव्हती. म्हणजे बोट बंद तर तोरलेवचं जेवण बंद, इतका सरळ हिशेब.

गावातल्या मॅग्नेच्या गॅरेजात गाडी चारदा जाऊन आली होती. मॅग्नेने प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरी बदलली.

"माझ्या दारात आली की कशी गुणाची पोर होते," तो हात पुसत म्हणे. "डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरतो ना, तसलं. दुखणं समोर दिसल्याशिवाय औषध कशावर देऊ?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पहाटे गुद्वेग नेहमीसारखी प्रार्थनेला बसली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून ती देवाकडे एकच मागत होती, गाडी सुरू होऊ दे. त्या दिवशी तिने मागणं बदललं. म्हणाली, "गाडीचं माझ्यावर सोड. मला फक्त बघायला डोळे दे." आमेन म्हटलं, कॉफी ओतली आणि वही उघडली.

चाळीस वर्षं ती वही लिहीत होती. रोज चार ओळी: वचन कुठलं वाचलं, हवा कशी, चुलीवर काय, दारात कोण. गाडी रुसली त्या दिवशी समासात एक फुली. आज तिने फुल्या मोजल्या. अकरा भरल्या. मग हवेची ओळ वाचली. काही पावसात, काही उन्हात, दोन बर्फात. हवेचा दोष नव्हे. टाकी भरली होती की रिकामी, तेही जुळेना. शेवटी चुलीवरची ओळ वाचायला घेतली आणि तिचं बोट थांबलं.

गुरुवार, कोमले. शनिवार, खीर. गुरुवार, कोमले. शनिवार, खीर. गुरुवार, कोमले. शनिवार, खीर.

किसलेल्या बटाट्याचे गोळे, म्हणजे कोमले, खारवलेल्या मटणासोबत गुरुवारीच खायचे आणि तांदळाची खीर शनिवारीच, हे इथे घरोघरी ठरलेलं. एकच फुली बुधवारची होती. तिने पान नीट वाचलं. ईस्टरच्या आधीचा आठवडा. पवित्र गुरुवारी प्रार्थनागृहात जायचं म्हणून कोमले एक दिवस आधी केले होते! आणि फेब्रुवारीतला एक गुरुवार बिनफुलीचा निघाला. त्या दिवशी तिला ताप होता, म्हणून नुसतं पाव-चीज नेलं होतं.

तिने झग्यावर कोट चढवला आणि थेट गॅरेज गाठलं.

मॅग्ने हसून हसून बाकावरच बसला. "अगं गुद्वेग, म्हणजे गाडीला बटाटा बाधतो म्हणतेस?"

"हस तू. पातेलं ठेवते कुठे ते विचार."

"कुठे ठेवतेस?"

"पुढे, पायापाशी. हीटर पूर्ण सोडते आणि वाऱ्याचं तोंड पातेल्याकडे वळवते. घरापासून धक्क्यापर्यंत चाळीस मिनिटं. तोरलेवला गार खाऊ घालू का?"

मॅग्नेचं हसू आटलं. "आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी तो तिथलंच जेवतो, मी कोट घालते. पेट्रोल काय फुकट येतं?"

"मग झालं की! पातेलं मागे ठेव, हीटर बंद कर. औषध मिळालं."

"हे औषध नव्हे, पथ्य झालं," गुद्वेग म्हणाली. "उद्या उन्हाळ्यात गाडी आपसूक तापेल, तेव्हा सूर्य बंद करू? ऊठ. तुला दुखणं बघायचं होतं ना, दाखवते."

तिने गॅरेजातल्याच शेगडीवर पातेलंभर पाणी उकळलं, ब्लँकेटात गुंडाळलं आणि मॅग्नेच्या पायांशी ठेवलं. हीटर पूर्ण सोडून दोघं चाळीस मिनिटं गाडी फिरवत राहिले. मॅग्नेच्या कपाळावरून घाम निथळायला लागला.

"गुडघे शिजले गं माझे."

"मीठ घालू का?"

गॅरेजाच्या दारात आणून तिने इंजिन बंद केलं. घड्याळ लावून पंचवीस मिनिटं बसले. मग तिने किल्ली फिरवली. खर्रर्र. धरेना.

आयुष्यात पहिल्यांदाच गाडी न सुरू झाल्याचा गुद्वेगला आनंद झाला.

"हलू नकोस," मॅग्ने म्हणाला आणि मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसला. "आता नुसती किल्ली दे. इंजिन फिरवू नकोस." टाकीपाशी पेट्रोल ओढणारा पंप असतो. किल्ली दिली की तो दोन सेकंद गुणगुणतो. आता तो मुका होता. बोटीच्या घरघरीत हे कुणाच्या कानावर येणार?

मॅग्ने पुढे आला, डॅशबोर्डखाली हात घातला आणि पातेल्याच्या बरोब्बर वर बसवलेली काडेपेटीएवढी डबी उपसून काढली. पंपाला वीज सोडणारा रिले. हातात धरवेना इतका तापला होता. त्याने तो बाहेरच्या गार दगडावर ठेवला. दहा मिनिटांनी परत बसवला, किल्ली दिली, आणि मागून बारीक गुणगुण ऐकू आली. गाडी लगेच सुरू झाली.

डबी पुन्हा काढून, उघडून मॅग्ने डोळे बारीक करायला लागला. "मला काही दिसत नाही."

गुद्वेगने पर्समधून बायबल वाचायचं भिंग काढलं. भिंगाखाली जोडकामाच्या एका ठिपक्याभोवती केसाएवढी चीर दिसली. थंडीत ती मिटत होती आणि तापलं की उघडत होती. चालू गाडीत रिले एकदा चिकटला की चिकटून राही. बंद करून पुन्हा चिकटवायला गेलं की तिथे अडे. मॅग्नेने तेवढ्या ठिपक्यावर नवं कथील सोडलं.

"झालं असेल," तो म्हणाला.

"असेल-बिसेल नको. पुन्हा पाणी उकळ."

पुन्हा चाळीस मिनिटं, पुन्हा पंचवीस. गाडी सुरू झाली. तेव्हा कुठे तिने मॅग्नेला न्याहारीला सोडलं आणि एकच्या आत तोरलेवकडे पोचायला धक्क्याची वाट धरली.

शनिवारी खिरीचं पातेलं पायाशी, हीटर पूर्ण सोडलेला. धक्क्यावर ओडवारने हात करून तिला शेवटच्या रांगेत लावलं. "बाई, राग मानू नका. शेवटी असलात तर निदान मागे कुणी अडकणार नाही."

"राग नाही रे. पण आजच बघून घे."

पंचवीस मिनिटं ती ओठांतल्या ओठांत वचन म्हणत बसली. झाकण पडलं. पुढच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. बोट रिकामी झाल्यावर तिने किल्ली अर्धी दिली आणि कान मागे लावला. गुणगुण आली. तिने किल्ली पूर्ण फिरवली, आणि गाडी जाग्यावरच गुरगुरली. ओडवार तिघांना ढकलायला घेऊन आला होता. ते हात खिशात घालून बाजूला झाले.

"पुढच्या वेळी पुढची रांग दे," ती काच खाली करून म्हणाली.

"देतो बाई."

एकाला पाच कमी असताना निळी गाडी वळणावर दिसली. तोरलेव खिडकीशी होताच. गुद्वेगने खीर वाढली, वर दालचिनी-साखर भुरभुरली आणि मधोमध लोण्याचा गोळा ठेवला. खिरीचा डोळा म्हणतात त्याला. तोरलेव चमच्याकडे बघेना, लोण्याकडेच बघत राहिला. गोळा कडेने वितळला, पिवळा होत पसरला.

मग त्याने तोंड उघडलं.