कागदावर रिकामा माणूस

माझा नवरा चांगदेव प्लंबर आहे. वीस वर्षं कल्याण-डोंबिवलीतल्या लोकांचे तुंबलेले संडास मोकळे करतोय, आणि स्वभाव इतका गरीब की चिडायचं सगळं काम माझ्याकडे आलंय. 'बिल नको, रोख देतो, काहीतरी कमी कर,' असं कुणी म्हटलं की हा लगेच मान डोलावणार. वर मलाच सांगणार, 'अगं, रोख बरं. संध्याकाळी हातात येतं.' येतं ना! आणि भाड्यात, किराण्यात जातंही.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोपरचा नयनशेठ. त्याच्या तीन बिल्डिंगा, सगळे नळ चांगदेवच्या हातचे. शेठ बिलाचं नाव काढू द्यायचा नाही. 'अरे, तू घरचा माणूस, आपल्यात कसला कागद?' घरचा माणूस म्हणे! घरच्या माणसाला कुणी जिन्यात बसवून चहा देतं का?

यंदा टिटवाळ्याला वन रूम किचन बघितलं. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवून माझा जीव विटलाय. आमच्या करिश्माची दहावी तरी स्वतःच्या घरात व्हावी, एवढंच मागणं. बुकिंग केलं, कर्जाला अर्ज टाकला. बँकेतला माणूस म्हणाला, 'मॅडम, मिस्टरांची कमाई कुठेच दिसत नाही.' घ्या! राबून कंबरडं मोडलं आणि कागदावर हा घरी बसलेला. मग त्या बँकवाल्यानेच सुचवलं, 'कुणी मोठं गिऱ्हाईक असेल तर त्यांच्याकडून लिहून आणा, वर्षाला किती काम देतात ते. साहेबांशी बोलून बघतो.'

गेलो कोपरला. चांगदेव दारातच चपला सरळ करत राहिला, म्हणून मीच बोलले. शेठ हसला.

'वहिनी, असं लिहून दिलं तर उद्या मलाच विचारतील, ही रक्कम आणली कुठून? आणि रोख घेताना चांगदेवलाही गोडच लागलं ना? टॅक्स काय मी एकट्यानेच वाचवला?'

खोटं नव्हतं ते, म्हणून जास्तच झोंबलं. पण दर कामाला घासाघीस कुणी केली? सूट कुणाच्या खिशात गेली?

'सूट तुम्ही घेतलीत शेठ, आणि घर माझं गेलं,' मी तोंडावर बोलले. चांगदेव माझा हात ओढत होता. लाज वाटत होती त्याला. शेठची नाही, माझी!

कर्ज नाही म्हणून बुकिंगही गेलं. पंधरा दिवस मी चांगदेवशी धड बोलले नाही. परवा शेठचा फोन आला, गच्चीवरची टाकी गळतेय. चांगदेवने पान्यांची पिशवी उचलली. मी दार अडवून उभी राहिले.

'आज तरी बिल देणार आहेस का?'

'बिल म्हटलं तर दुसऱ्याला बोलावतील गं,' तो म्हणाला, आणि माझ्या बाजूने वाट काढून गेला.

मी भांडी बांधायला घेतली. एक तारखेला ही खोली खाली करायची आहे.