मेण लावलेला चिंचोका

जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की ती लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटायची. पुरतं नाही, अर्धं. पुरतं मिटलं तर यंत्र झोपतं म्हणे, आणि उघडं ठेवलं तर येणाऱ्याला दिसतं. आता तुम्हीच सांगा, लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस असं झाकतं का?

ती आमच्या शेजारची सून. आमच्या राजेश्वर गावात त्यांच्या आणि आमच्या गच्चीत कमरेएवढी भिंत आहे. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायचं, म्हणून ती तिथंच पत्र्याखाली टेबल टाकून बसायची. बेंगळूरच्या कंपनीशी सकाळी कानडीत बोलायची, दुपारी इंग्रजीत, आणि एकटी असली की लॅपटॉपला मराठीत शिव्या घालायची. सासूनं तिला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "पगार येतोय तवर गच्ची तुझी. थांबला की मी मिरच्या वाळू घालणार."

मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं. कॉपी करणारं पोर मला पाठमोरं कळतं. या पोरीवर माझा डोळा पहिल्यापासून होता.

एकदा भिंतीवरून विचारलं, "काय करायलीस गं दिवसभर?"

"गेम बनवायलेय आज्जी. मोबाईलवरची."

"कंपनी कसली?"

"स्टार्टअप हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे नवी. आत्ता सुरू व्हायलीय."

"कवापासून?"

"चार वर्षं झाली."

गेम कसली, तर आपला चिंचोक्यांचा पट. चार चिंचोके एका अंगानं फरशीवर घासून पांढरे करायचे आणि उधळायचे. जितके पांढरे वर पडतील तितकी घरं गोटी पुढं. हे सगळं तिनं मोबाईलात घातलं होतं, चिंचोके फरशीवर पडल्याचा आवाजसुद्धा.

"तुमी खेळून बघा आज्जी. म्हातारी माणसं कुठं अडकतात, ते मला बघायचंय."

गावात म्हाताऱ्यांना काय तोटा? पण हिला मीच बरी सापडले. हाही संशय मी पदराला बांधून ठेवला आणि खेळायला बसले.

पहिले तीन डाव मी जिंकले आणि गल्लीभर सांगत फिरले. मग हरायला लागले. प्रत्येक वेळी एकाच जागी. गोटी घराच्या दारात यायची, आता एक पडला की आत. दोन पडायचे, तीन पडायचे, चारही पडायचे, पण एक काही पडायचा नाही. मग गेम मला विचारायची, नवा चिंचोका विकत घ्यायचा का.

"पोरी, तुझी गेम लबाड हाय."

"तसं न्हाई आज्जी, रँडम हाय."

हे तिचं ठरलेलं वाक्य. रँडम म्हणजे कशाचा कशाला मेळ नाही, हेही तिनंच मला शिकवलं. "मशीनला काय ठाऊक, तुमी कोण अन् तुमची गोटी कुठं," असं म्हणायची आणि म्हणताना तिचा हात त्या झाकणावर असायचा.

मी दोन वाट्या घेतल्या. गोटी वाटेत असताना एक पडला की पहिल्या वाटीत तुरीचा दाणा. गोटी दारात असताना पडला की दुसऱ्या वाटीत. आठ दिवसांनी पहिल्या वाटीत दोघांच्या वरणापुरती तूर जमली. दुसऱ्या वाटीत एक मुंगी होती.

खरं सांगायचं तर वाट्यांची गरज नव्हती. मला पहिल्या तीन डावांनीच शंका आली होती. लबाड माणूस सुरुवातीला कधी लबाडी करत नाही. आधी समोरच्याला जिंकू देतो, त्याला चटक लावतो. हे मला कसं ठाऊक? मी दहा वर्षांची असताना एका चिंचोक्याच्या काळ्या अंगाला मेण चोळून ठेवायची. ते अंग जड, त्यामुळं खाली जायचं आणि पांढरं वर. माझा डाव कधी रिकामा जायचा नाही. अख्खा उन्हाळा मी थोरल्या अक्काला हरवलं आणि मोठी शहाणी म्हणून गल्लीत मान वर करून हिंडायची. एवढी अक्कल शाळेत वापरली असती तर गणितात दोनदा बसावं लागलं नसतं.

वाट्या घेऊन मी तिच्या गच्चीवर गेले. जिना वाजला, झाकण अर्धं मिटलं. मी वाट्या टेबलावर ठेवल्या आणि कशाच्या ते सांगितलं. "तसं न्हाई आज्जी," एवढं ती म्हणाली. पुढचं रँडम काही आलं नाही.

मग तिनं झाकण पूर्ण उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं. तिनं चार ओळींवर बोट ठेवलं. पहिला शब्द 'इफ'. इफ म्हणजे जर, एवढं तर मला येतं.

"जर गोटी दारात असंल, तर एक पडू द्यायचा न्हाई," ती म्हणाली. "साहेबांनी सांगितलं, पण लिहिलं मीच. ते म्हणले, कुणाला कळत न्हाई."

खाली गल्लीत कुणाच्या तरी मोबाईलात चिंचोके वाजत होते. सगळं गाव तीच गेम खेळायचं.

"काढून टाकलंस तर?"

"तर गच्चीवर मिरच्या."

मी तिला रागावणार होते, शब्दही जुळवून आणले होते. त्याऐवजी मेणाची गोष्ट सांगितली.

"अक्कानं धरलं न्हाई तुमाला?"

"तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या हळदीत कानात सांगितलं तिनं."

"मग उन्हाळाभर गप कामून बसली?"

"मी आपून होऊन कवा सांगते, ते बघत बसली म्हणं."

"अन् तुमी?"

"मी कुठलं सांगायलेय."

ती हसली नाही. लॅपटॉप आपल्याकडं ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या चार ओळी काढल्या. संध्याकाळी कंपनीनं त्या परत घातल्या. तिनं पुन्हा काढल्या, आणि का काढल्या ते कंपनीतल्या सगळ्यांना लिहून पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिलाच काढलं. सासूनं आठवडाभरही वाट पाहिली नाही, टेबलाच्या जागी मिरच्या पसरल्या.

महिन्याभरात नवराबायको कलबुर्गीला गेले. तिथं ती कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवते. निघताना पाया पडायला आली तेव्हा मी तिला चार चिंचोके दिले, घरी घासलेले. त्यातल्या एकाच्या काळ्या अंगाला मेण आहे. ते मी सांगितलं नाही. का नाही, ते विचारू नका, खोड आहे.

पण मला आता वेगळाच संशय येतो. गावातल्या इतक्या म्हाताऱ्यांतून तिनं मला निवडलं, ते कुणीतरी धरावं म्हणूनच की काय?

रविवारी तिचा फोन येतो. गुडघा विचारते, गोळ्या विचारते, आणि शेवटी दर वेळी म्हणते, "आणिक काय सांगायचं ऱ्हायलंय का आज्जी?"

"न्हाई गं," मी म्हणते.

ती लगेच फोन ठेवत नाही, थोडं थांबते. अक्काही पटावर अशीच थांबायची.