हात धरत नाही

समुद्रपुरात माझं मोटरी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची मोटर जळाली की माझ्याकडे येते. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार खाचांमध्ये बसवायची, हेच काम मी वीस-बावीस वर्षांपासून करतो.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी सांडशीनं चहाचं पातेलं उतरवत होतो. अंगठ्याच्या बुडापासून कोपरापर्यंत एकदम कळ गेली. शॉक लागला असं वाटून मी आधी गॅसच्या मागचा बोर्ड पाहिला. तिथं काही नव्हतं. दुकानात गेलो, पक्कड हातात घेतली आणि पुन्हा तेच. पक्कड खाली पडली.

विचित्र म्हणजे आख्खी मोटर उचलताना हात दुखत नसे. चमचा धरला की दुखे. पेचकस, दाढीचा ब्रश, झारा, कुलपाची किल्ली, काहीही बोटांत धरलं की कळ. हे काय म्हणून मी एकदा स्वयंपाकघरातली भांडी एकेक उचलून पाहत बसलो. बायकोनं विचारलं, काय शोधून राह्यले? चाळणी, म्हटलं.

गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं. मग हिंगणघाट, मग वर्धा. फोटो निघाले, रक्त तपासलं, नसांना करंट देऊनही पाहिला. सगळं नॉर्मल. डॉक्टर हसून म्हणाले, चांगलंच आहे की. मला ते चांगलं वाटेना. काही निघालं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. परतीच्या एसटीत मी सारखी मूठ वळत होतो, उघडत होतो. शेजारचा म्हातारा थोडा सरकून बसला.

मोटर जळाली की मी कारण शोधतो. फेज गेला, बेअरिंग जाम झालं, पाणी शिरलं, काहीतरी सापडतंच. माझ्याच हातात काही सापडत नव्हतं. कामात लक्ष लागेना, घरात बसवेना.

हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत एका ओळखीच्या शेतकऱ्याची मोटर आली. संध्याकाळी देतो म्हणालो. जळकी तार कशीबशी काढली, पण नवी बसवताना बोटं ऐकेनात. दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा मी उघड्या मोटरीसमोर नुसता बसून होतो.

"हात धरत नाई," मी म्हणालो. घरी हे मी पहिल्यांदाच बोललो. दवाखान्याच्या चकरांनाही मी मालाची खरेदी म्हणत आलो होतो.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "पाण्याचा गिलास तुमी दोन्ही हातांनी धरून राह्यले. थे काय दिसत नाई?"

मग ती डबा बाजूला ठेवून खाली बसली. "सांगा, कसं करायचं थे."

मी सांगत गेलो, ती करत गेली. पहिली कॉइल बिघडली, तारेचं वार्निश खरवडलं गेलं. ती काढून टाकली. दुसरी जमली. माझे हात मांडीवर पडून होते आणि मला ते कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. मधेच मी पुढं झुकलो की ती कोपरानं मला मागं सारायची. शेतकरी आला, तिला काम करताना पाहिलं, बाकावर बसला. अंधार पडायच्या आधी मोटर फिरली. आवाज साफ होता. तो म्हणाला, "वहिनीनं भरली, नाई का?" मी हो म्हणालो.

तेव्हापासून ती रोज दुपारी दुकानात येते. हत्यारांच्या मुठींना मी सायकलची ट्यूब गुंडाळली आहे. कधी बरं वाटतं, कधी नाही. आठवडाभर हात ठीक असतो, मी एकटाच मोटर भरतो आणि आता दुखणं गेलं असं धरून चालतो. दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावता येत नाहीत. वर्ध्याच्या एका नव्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की दुखणं खरं आहे, कारण मात्र त्यांना सापडत नाही. त्या रात्री झोप बरी लागली. सकाळी पुन्हा मूठ वळून पाहिलीच.

काल बोअरमधली एक मोटर आली. ती भरणं फार किचकट, अजून तुला जमणार नाही, मी बायकोला म्हणालो आणि गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तिनं मोटर उघडली होती.