पिरोश्काबाईंचं गाणं

आमच्या चाळवजा इमारतीतले देझोकाका, मी काउंटरवर असते त्या पेलिकान हॉटेलात एका रात्रीसाठी राहायला आले, आणि तेही चक्क गिऱ्हाईक म्हणून. गिऱ्हाईक नसलेल्या माणसाला आता तिथल्या लॉबीत टेकू देत नाहीत. दोनदा रखवालदाराने त्यांना गोड बोलून बाहेर काढलं होतं. तो बिचारा नवा, त्याला काय ठाऊक, की ह्या म्हाताऱ्याने ह्याच लॉबीत उभा जन्म पियानो वाजवलाय!

पेलिकान हे नावही आता फक्त आमच्या तोंडात उरलंय. हॉटेल एका परदेशी कंपनीने घेतलं, वर्षभर पडद्यांआड ठेवलं, दारावरचा पितळी पक्षी उतरवला आणि निळ्या दिव्यांत इंग्रजी नाव लावलं. बुडापेस्टमधल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला ते नाव सांगा. तो म्हणणार, "म्हणजे पेलिकानच ना?"

काकांची एक ख्याती होती. नेहमी येणाऱ्या प्रत्येकाचं एक गाणं असायचं, आणि माणूस फिरत्या दारातून आत आला की काका वाजवत असतील तिथून वळण घेऊन त्याच्या गाण्यावर यायचे. मध्ये सांधा कळायचा नाही. दर गुरुवारी दंतवैद्याच्या विधवा पिरोश्काबाई चेस्टनटचा गोड लगदा खायला यायच्या. त्यांचा एक जुना टँगो होता. टोपी आधी आत यायची, मग टँगो, मग बाई.

वर्षभर काका घरी बसून हॉटेलच्या बोलावण्याची वाट बघत होते. मधल्या काळात त्यांनी घरचा पियानो देऊन टाकला होता, म्हणून जेवणाच्या टेबलावर बोटं चालवायचे. खालच्या मजल्यावर आम्हाला नुसती टकटक ऐकू यायची. आई म्हणायची, "आज काका फॉर्मात दिसतात."

बोलावणं आलं नाही. मग त्यांनीच ठरवलं. आमच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाचा एक दिवस असतो. देझो नावाच्या दिवशी ते काळा कोट घालून, हातात पोगाचांची, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांची कागदी पिशवी घेऊन माझ्या काउंटरसमोर उभे राहिले.

"नावाच्या दिवसाच्या शुभेच्छा, काका!"

"थँक्यू, किंगा पोरी. आता काका म्हणू नकोस. हारमाथसाहेब म्हण. मी गिऱ्हाईक आहे."

"बरं, हारमाथसाहेब. हे घ्या खोलीचं कार्ड."

"किल्ली दे की."

"हीच किल्ली."

त्यांनी कार्ड उलटंसुलटं बघितलं. "हिने दार उघडतं की दात कोरायचे?"

मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "तुमचा तो मॅनेजर, झोंबोर, संध्याकाळी लॉबीत असतो ना? त्याने मला एकदा ऐकलं पाहिजे. फक्त एकदा. ऐकल्यावर नाही म्हणूच शकणार नाही तो."

"काका, पियानोचं जरा सांगायचं होतं..."

"सूर उतरलेत, हेच ना? वर्षभर झाकून ठेवल्यावर उतरणारच. मी सांभाळून घेईन." आणि ते लिफ्टकडे गेलेसुद्धा.

संध्याकाळी केस चापूनचोपून बसवून ते खाली आले. पियानो तोच होता, तसाच काळा, तसाच चकचकीत. त्यातून संगीत येत होतं आणि स्टूल रिकामं होतं. काका जवळ जाऊन थबकले. पट्ट्या आपल्या आपण खाली जात होत्या, वर येत होत्या.

मी काउंटर सोडून धावले.

"आत कोण बसलंय गं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, काका. पोटात यंत्र बसवलंय."

"बंद कर."

"ते झोंबोरसाहेबांच्या टॅबलेटवरून चालतं. मला हात लावता येत नाही."

काका स्टुलावर बसले. त्यांनी दोन्ही हात हळूच पट्ट्यांवर ठेवले. वाजवायला नाही, नुसते ठेवले. पट्ट्या हलत होत्या आणि त्यांच्यावर त्यांची बोटं हलत होती. सोफ्यावरच्या जर्मन कुटुंबाने फोन बाहेर काढले. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. सवयीने काकांची मान झुकली.

झोंबोर कोपऱ्यातून बघत होता. लगबगीने आला. "वा, आजोबा! फारच सुंदर दिसलं. रोज येता का? कोट तुमचाच, जेवण आमचं, वर पगार."

काकांचा चेहरा उजळला. "येतो की! सूर मात्र आधी लावून घ्या, वरची पट्टी जरा..."

"नाही नाही, वाजवायचं नाही. आत्ता जसं केलंत ना, तसंच. फक्त पट्टी दाबायची नाही, गाणी एकमेकांत मिसळतात."

"मला वाजवता येतं, साहेब."

"येतच असणार हो! पण गाणी वरून येतात. जे इथे, तेच आमच्या लिस्बनमध्ये, तेच वॉर्सात."

"आणि कोणी आत आलं, तर त्याचं गाणं?"

झोंबोरने खरोखरच न कळून विचारलं, "कोणाचं गाणं?"

सकाळी काका कार्ड परत द्यायला आले तेव्हा पोगाचांची पिशवी तशीच, न उघडलेली होती. मला वाटलं, आता हे तडक ट्राम पकडतील आणि पुन्हा ह्या रस्त्याला फिरकणार नाहीत.

"कोट काळाच चालेल ना?" त्यांनी विचारलं. "निळा आहे, पण कोपरात विरलाय."

"काका, कशाला?"

"घरी टेबल आहे, पोरी. इथे निदान पट्ट्या तरी आहेत."

तेव्हापासून ते रोज बसतात. गिऱ्हाइकं फोटो काढतात. काका हात हवेत, पट्ट्यांपासून केसभर वर ठेवतात.

गेल्या गुरुवारी फिरतं दार फिरलं आणि टोपी आत आली. पिरोश्काबाई, नव्या हॉटेलात पहिल्यांदाच. काकांची मान ताठ झाली. यंत्र कसलंसं गुळगुळीत वाजवत होतं आणि काकांची बोटं त्याला सोडून चालायला लागली. टँगोच होता तो; काकांच्या घरी पियानो होता तेव्हापासून मी खालच्या मजल्यावर ऐकलेला, मला नुसत्या बोटांवरून कळला. वरून खाली आणि मग तो थांबून घेतलेला ठेका. हवेत.

बाई दाराशी थांबल्या. जरा वेळ ऐकत राहिल्या. मग छडी टेकत काउंटरशी आल्या.

"देझो दिसला, बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण माझं गाणं विसरला गं तो. वय झालं बिचाऱ्याचं."

"नाही हो बाई, ते खरं म्हणजे..." मी बोलायला लागले. तिकडे काकांचं लक्ष होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर मी म्हटलं, "सांगू दिलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"मी वाजवतच नाही, हे कळण्यापेक्षा विसरलो, असं वाटू दे तिला," काका म्हणाले. "विसरलेल्या माणसाला आधी येत तरी असतं."

ट्राम आली. खिडकीशी बसल्यावर त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, आणि आमचा थांबा येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.