कणकेचा रस्सा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती. शाळेत मी पहिलीच्या साठ पोरांना सांभाळत होते, पण घरी चुलीपाशी माझी मजल कांदे चिरण्यापलीकडे गेली नव्हती. रस्सा करावा तो सासूबाईंनीच. खसखस, खोबरं, भाजलेला कांदा त्या पाट्यावर असा वाटायच्या की गोळा बोटाला लोण्यासारखा लागायचा. मी कधी हात पुढे केलाच तर म्हणायच्या, "राहू दे वं. तुले जमत नाही ते."

त्या वर्षी पावसाळा सरताना जपानहून काही लोक नागपूर बघायला आले होते. बाकीचे परत गेले, एक बाई मात्र मागे राहिली. माझ्याच वयाची, तिच्या गावी शाळेत शिकवणारी. छप्पन साली दसऱ्याला आमच्या माणसांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तर आता ती कशी राहतात, काय शिकतात, हे तिला जवळून पाहायचं होतं. आठवडाभरात तिचं पोट बिघडलं. विहाराच्या खोलीत ती एकटी पडली होती, म्हणून माझे यजमान तिला घरी घेऊन आले. दोन खोल्यांचं आमचं घर. सासूबाईंनी तिला मऊ भात आणि ताक दिलं, आपली खाट दिली, आणि पंधरा दिवसांत ती अशी ठणठणीत झाली की अंगण झाडायला माझ्याआधी उठू लागली.

आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलायचो. एकदा तिनं विचारलं, "तुमच्याकडे करी कधी करतात?"

मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "करी म्हणजे काय?"

पाहुणीला धक्काच बसला. तिच्या देशात करी म्हणजे हिंदुस्थानचं जेवण, हे शाळेतल्या पोरालाही माहीत. मी तिला सांगत बसले, हे वरण, ही पातळ भाजी, हा पाटवडीचा रस्सा, ही कढी. करी नावाचं आमच्या घरात काहीच शिजत नव्हतं. सांबार तिनं कुठंतरी वाचलं होतं, तर सांबार म्हणजे आमच्याकडे नुसती कोथिंबीर!

मग तिनं तिच्याकडची हकीकत सांगितली. इंग्रजांनी इथल्या सगळ्या रश्शांना मिळून एकच नाव दिलं, मसाल्याची पूड डब्यात भरली आणि विलायतेला नेली. तिथून ती जहाजांवर चढून जपानच्या बंदरात उतरली. आरमारातल्या खलाशांना ती आवडली. गव्हाचं पीठ परतून, त्यात पूड घालून दाट रस्सा करायचा आणि भातावर ओतायचा. खलाशी घरोघरी परतले, तसा तो रस्साही घरोघरी गेला. तिची आई आठवड्यातून एकदा करायची, आणि त्या दिवशी भावंडं शाळेतून पळत घरी यायची.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या गावच्या विहिरीवर आमचा गडवा चालत नव्हता. अन् आमच्याकडचा मसाला मात्र सारी दुनिया फिरून आला म्हण की."

दसरा जवळ आला. दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर जायला खापा गावाकडचे आमचे नातेवाईक येत आणि आमच्याकडे जेवत. कमीत कमी चाळीस माणसं. त्यांच्यात सर्वांत पुढे सासूबाईंची थोरली नणंद, म्हणजे आमच्या आत्याबाई. त्यांच्या जिभेला अख्खी भावकी भ्यायची.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाई मोरीत घसरल्या. हाड वाचलं, पण उजवं मनगट टम्म सुजलं. हळद-चुन्याचा लेप लावून त्या ओट्यावर बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. छप्पन सालापासून त्यांचा एकही दसरा चुकला नव्हता.

"मी वाटते मसाला," मी म्हणाले.

"चाळीस माणसांचा? संध्याकाळ होईन तुले."

ते खरंच होतं. मी पाट्याकडे बघत उभी राहिले. पाहुणीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "माझ्या आईच्या करीला काहीच वाटावं लागत नाही."

बरणीत सासूबाईंचा कोरडा मसाला होता. कणीक होती, बटाटे होते, एक थोरलं कोहळं होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"कणकेचा रस्सा?" त्या ओरडल्या. "आत्याबाई नाव ठेवतीन जन्मभर!"

"उपाशी बसले तर जास्त ठेवतील," मी म्हणाले. त्यांना उलटून बोलण्याची ती माझी पहिली वेळ. त्यांनी डाव्या हातानं मसाल्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

अंगणात चूल मांडून मोठा गंज, म्हणजे पंगतीचं पातेलं, चढवला. तेलात कणीक टाकली, पाहुणी बाजूला उभी राहून रंग बघत होती. पहिला घाणा करपला, तो फेकला. दुसरा बदामी झाला, खमंग वास सुटला, मी मसाला घालून गरम पाणी ओतलं आणि सगळ्याच्या गुठळ्या झाल्या. पाहुणी रडकुंडीला आली. तिला चारच माणसांची करी ठाऊक, चाळिसांचा गंज तिनं जन्मात पाहिला नव्हता. मी पण घाबरले, पण हात थांबले नाहीत. वरणाची रवी आणली आणि दोन्ही हातांनी घुसळायला लागले. दंड भरून आले. हळूहळू गुठळ्या फुटल्या आणि रस्सा मखमलीसारखा एकजीव झाला. मग बटाटे, कोहळं, मूठभर गूळ.

चाखला तर चव चांगली, पण मवाळ. आमच्या गावाकडच्या जिभेला हे पुरणार नाही, हे मला लगेच कळलं. मी कोणालाही न विचारता लसूण ठेचला, लाल मिरच्या तेलात तडतडवल्या आणि ती फोडणी वरून ओतली. पाहुणीला जोराचा ठसका लागला. मग तिनं चाखलं, डोळे मोठे केले आणि आणखी एक चमचा घेतला.

दुपारी अंगणात पंगत बसली. आत्याबाईंनी वाटीत बोट बुडवून पाहिलं.

"हे काय वं? कोणं केलं?"

मी पुढे झाले. "मी केलं. हिनं शिकवलं. जपानचा रस्सा आहे."

आत्याबाईंनी भाकरी चुरली, रस्सा ओतला, एक घास खाल्ला. चाळीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दुसरा घास. तिसरा. मग त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली.

"पाहून काय राहिली? वाढ ना!"

त्यानंतर माझी पळापळ सुरू झाली. कोणी भातावर घेत होतं, कोणी भाकरीवर, पोरं नुसताच भुरकत होती. पाहुणीला आत्याबाईंनी शेजारी बसवून घेतलं, स्वतःच्या हातानं भाकरी चुरून दिली, आणि ती पाची बोटांनी कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर जेवली. गंज निपटून पुसला गेला.

सासूबाई डाव्या हातानं जेवत होत्या. दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदाही घेतला. हात धुताना आत्याबाईंनी त्यांना हटकलं, "तुह्यापेक्षा बरा झाला का वं रस्सा?" सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरा झाला तर होऊ द्या. माह्या सुनेनं केला."

मी रिकामा गंज घेऊन मोरीत गेले आणि तिथं एकटीच हसत राहिले. दंड इतके दुखत होते की गंज घासवेना.

उन्हं कलल्यावर आम्ही सगळे दीक्षाभूमीकडे पायी निघालो. सासूबाईंनी पाहुणीला आपलं पांढरं लुगडं नेसायला दिलं होतं, ते तिला घोट्याच्या वर येत होतं. रस्ता माणसांनी फुलला होता, गावोगावच्या बाया पोरांना कडेवर घेऊन गाणी म्हणत चालल्या होत्या. आत्याबाई सर्वांत पुढे. वाटेत ओळखीचा, बिनओळखीचा, जो भेटेल त्याला थांबवून त्या सांगत होत्या, "आज जपानचा रस्सा खाल्ला बाप्पा आमी. आमच्या सुनेच्या हातचा!"