ड्रॉहेडाची चंद्रकोर

कोविडच्या त्या वर्षी मला सगळ्याचाच राग येत होता. घरून काम करण्याचा, नवरा ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमधून आला की त्याचे कपडे दारातच पिशवीत कोंबण्याचा, आणि महिनाभरासाठी यवतमाळहून आलेल्या, पण विमानं बंद झाल्यामुळे डब्लिनमधल्या सँट्रीच्या दोन खोल्यांत आमच्याबरोबर अडकून पडलेल्या सासूबाईंचाही. त्यांनाही माझा येत असणार, पण त्या बोलून दाखवत नव्हत्या. त्यामुळे समोरच्या दारातली तुर्की शेजारीण माझ्याहून चिडकी निघाली तेव्हा मला जरा बरंच वाटलं.

ती इझमीरची. उस्मानी साम्राज्य आणि युरोप यांच्यातल्या व्यापारावर इथे पीएचडी करत होती. संध्याकाळी आम्ही आपापल्या उंबऱ्याशी खुर्च्या टाकून चहा प्यायचो. तिचा काळा, माझा आल्याचा, मध्ये कॉरिडॉर. बाई कुठलीही गोड गोष्ट सुखाने ऐकू देत नसे. एकदा मी कुठेतरी वाचलेलं सांगायला गेले, की व्हिएन्नाचा वेढा उठवून तुर्क पळाले, मागे कॉफीची पोती राहिली आणि तेव्हापासून युरोप कॉफी प्यायला लागला.

"खोटं," ती म्हणाली. "कॉफी त्याच्या कितीतरी आधी व्यापाऱ्यांबरोबर पोचली होती. पण युरोपला आम्ही आठवतो ते वेढा घालणारे म्हणून, नाही तर मिठाईवाले म्हणून. मधली कित्येक शतकं आम्ही एकमेकांना माल विकला, तह केले, एकमेकांची वाद्यं उचलली, ते कुणाला ऐकायचं नसतं."

आणि एवढं सगळं करूनही डब्लिनच्या विमानतळावर ती माझ्याच रांगेत उभी राहायची, युरोपबाहेरच्या 'बाकीच्यां'च्या. यावर आमचं अगदी एकमत होतं.

तिची सगळ्यात जास्त चिडचिड व्हायची ती ड्रॉहेडा गावावरून. ती तुर्की आहे असं कळलं की आयरिश माणूस हमखास तीच गोष्ट सांगायचा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तुर्कस्तानच्या सुलतानाला भरपूर पैसे पाठवायचे होते, पण राणीने दिले त्यापेक्षा जास्त देता येणार नाहीत असं इंग्रजांनी कळवलं. मग त्याने गुपचूप धान्याची जहाजं पाठवली, ती ड्रॉहेडाच्या बंदराला लागली, म्हणून त्या गावाच्या चिन्हात चंद्रकोर आणि तारा आहे. आमचा सिंक दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरनेही तिला ती कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितली. ती दात आवळून ऐकत राहिली आणि तो गेल्यावर माझ्यावर घसरली. "पैसे पाठवले, ते खरं आहे. जहाजांचा धड पुरावा नाही. आणि ती चंद्रकोर दुष्काळाच्या कित्येक शतकं आधीपासून तिथे आहे!"

जसं काही ती मीच काढली होती.

पण या गोष्टीवर सगळ्यात घट्ट विश्वास होता तो तिच्या वडिलांचा. त्यांची उभी हयात इझमीरच्या बंदरात, जहाजांवर माल चढवण्यात गेलेली. व्हिडिओ कॉलवर ते मला हात करायचे, आणि मग लेकीला रोज एकच विचारायचे, ती मला भाषांतर करून सांगायची. "म्हणतात, ड्रॉहेडाला गेलीस का? चंद्रकोरीशेजारी उभी राहा आणि फोटो पाठव. त्यांना तो कॉफीहाऊसमध्ये मित्रांना दाखवायचाय."

गाडीने अर्धा-पाऊण तासाचा रस्ता. त्या उन्हाळ्यात निर्बंध सैल होते. "चल, मी नेते," असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल. तर बाईंचं उत्तर, "मी इतिहासाची अभ्यासक आहे. दंतकथेशेजारी पोज देऊन उभी राहणार नाही." मला तिचा असा राग यायचा! अगं, म्हाताऱ्याला एक फोटो हवाय, प्रबंध नकोय.

पानगळीत वडील आजारी पडले, छातीचं दुखणं. तेव्हा बाईंचा हेका सुटला. "चल, जाऊ या," असं ती स्वतः म्हणाली तोवर घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी झाली होती. रस्त्यात गार्डा, म्हणजे इथले पोलीस, गाड्या अडवत होते. काय सांगणार होतो त्यांना, चंद्र बघायला चाललोय? डिसेंबरात थोडी ढील मिळाली, तर नेमकी तीच कोविडने आडवी. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे तिचं इथल्या रहिवासाचं कार्ड संपलेलं, नवीन कधी येईल ते सांगायला कुणी नाही. इझमीरला गेली असती तर परत येता येईल याची खात्री नव्हती. ती रोज त्या कार्डाच्या कचेरीला फोन लावून ताटकळायची आणि फोन ठेवला की दार आपटायची. मी इकडे भांडी आपटायचे.

जानेवारीतल्या एका दुपारी कॉरिडॉरमध्ये तुपावर रवा भाजल्याचा वास पसरला. बराच वेळ येत राहिला. सासूबाई उठून दाराशी गेल्या. "कोण शिरा करून राह्यलं व माय इथं?" कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात शेजारीण, तोंडावर मास्क, हातात झाकलेला वाडगा. खरंच शिरा होता. बदामाऐवजी चिलगोजे घातलेला, पण शिराच.

"पूजा असन तिच्या घरी," सासूबाई मागून म्हणाल्या. "नाई तं मंग काई चांगलं झालं असन. विचार ना!"

माझ्या डोक्यात कार्डाशिवाय दुसरं काही आलंच नाही. "काँग्रॅच्युलेशन्स!" मी जवळजवळ ओरडलेच. "आलं ना शेवटी?"

तिने माझ्याकडे बघितलं. "वडील गेले. सकाळी," ती म्हणाली. "आमच्यात माणूस गेलं की हा हलवा करतात. घरचे सगळे आळीपाळीने ढवळतात आणि ढवळताना त्याच्यासाठी प्रार्थना करतात. मी एकटीच ढवळत होते, म्हणून वेळ लागला."

मी काही बोलायच्या आत ती वळली आणि दार लागलं. या वेळी आपटलं नाही.

मी हॉलमध्ये येऊन रडले, पण ते दुःखापेक्षा संतापाने जास्त. माझ्या तोंडाचा संताप, त्या पाच किलोमीटरचा, उन्हाळाभर अडून बसलेल्या तिचा. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी शिरा दुसऱ्या भांड्यात काढला. मग म्हणाल्या, "वाडगा रिकामा नाई द्याचा. पण सुतकाच्या घरी गोडही नाई. पिठलं-भात टाक. आज तिनं चूल पेटवाले नाई पाहिजे, तं बाई शिरा घोटत बसली." मी पिठलं केलं. त्या स्वतः मास्क लावून समोरच्या दारात गेल्या, वाडगा तिच्या हातात दिला आणि ती जेवेपर्यंत कॉरिडॉरमधल्या माझ्या खुर्चीवर बसून राहिल्या. नियमात बसतं की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रस्ते उघडले तसे आम्ही तिघी ड्रॉहेडाला गेलो. जायचं तीच म्हणाली. चंद्रकोर आणि तारा एका भिंतीवर सापडले, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच लहान. ती त्यांच्याखाली ताठ उभी राहिली. मी फोटो काढला, आणि काढता काढताच मला पुन्हा सणकून राग आला. उन्हाळाभर हीच भिंत इथे होती, हाच रस्ता होता, माझी गाडी होती. आता फोटो पाठवायचा कुणाला?

तेवढ्यात कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. कुठल्या तुम्ही, वगैरे. तिने 'तुर्की' म्हटलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं, मग तुम्हीच ना ती जहाजं पाठवलीत आम्हाला! दुष्काळात!"

मी डोळे मिटले. आता ही त्यांना पैसे, पुरावे, शतकं सगळं ऐकवणार.

"हो," ती म्हणाली. "इझमीरहून. माझ्या वडिलांनी भरली होती ती."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "तर मग त्यांना कळव बाई, धान्य पोचलं म्हणून."