थांबा जी, दाबू नका

"थांबा जी, दाबू नका!"

असं म्हणत माझ्या कॉम्प्युटरसमोर एक उजवा पंजा उभा राहायचा. एसटीला हात दाखवतात ना, तसा. नखांच्या कडेला धानाच्या बांधीतला चिखल वाळलेला. त्याच्यामागचा स्क्रीन मला दिसायचा नाही, आणि माउसवरचं बोट तसंच राहायचं.

तिरोड्याला बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, धानाची नोंदणी, पोरांच्या परीक्षा, साऱ्या तालुक्याची बटणं मीच दाबते. पण एका फॉर्मचं बटण मला आठ महिने दाबू दिलं नाही ते या भाऊंनी.

बोदलकशाकडच्या एका गावात त्यांची थोडी धानाची शेती. लग्नाला वीसेक वर्षं झालेली, मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, शेवटी दोघांनी बाळ दत्तक घ्यायचं ठरवलं. त्याची नोंदणी सरकारी साइटवर करावी लागते, म्हणून माझ्याकडे आले. भाऊ खुर्चीत, वहिनी मागच्या बाकावर, मांडीवर कागदांची पिशवी.

मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "भाऊ, नंबर नोंदणीच्या तारखेवरून लागतो. आणि त्याच तारखेला दोघांच्या वयाची बेरीज किती, ते पाहतात. ती एका आकड्याच्या पुढं गेली, की दोन वर्षांच्या आतलं तान्हं बाळ मिळत नाही. तुमची बेरीज अगदी काठावर आहे. उशीर करू नका."

"नाही जी, उशीर कायले करू?"

ही माणसं तुम्हीही पाहिली असतील. तुमचं सगळं पटतं त्यांना. मान अशी हलवतात की आपल्याला वाटतं, चला, झालं काम! काही होत नसतं.

पहिलाच प्रश्न होता, मुलगा हवा, मुलगी हवी, की कोणीही चालेल. मी वहिनींकडे वळले. त्या तोंड उघडणार तेवढ्यात पंजा आला.

"थांबा जी, दाबू नका. घरी विचारून येतो."

"अहो, घर तर इथंच बसलं आहे बाकावर!"

"तसं नाही जी. मायले विचारा लागते."

माय म्हणाली पोरगा. पुढच्या बाजाराला बहीण म्हणाली पोरगी, म्हातारपणी पोरीच पाहतात. मोठा भाऊ म्हणाला, बाहेरचं आणताच कशाला, माझा धाकटा घ्या, घरचं घरीच राहते. त्यावर वहिनींची जाऊ तीन दिवस जेवली नाही, म्हणून ते राहिलं. मग कोणत्या राज्यातलं बाळ, हा प्रश्न आला. जवळचं नको, उद्या कोणी खरा बाप म्हणून दारात उभा राहील. मी म्हटलं, बरं, लांबचं टाकते. तर भाऊ परत हजर. "लांबचं नको जी. मोठा दादा म्हणते, त्याची भाषा कशी समजन?"

"भाऊ, सहा महिन्यांच्या बाळाला कोणती भाषा येते?"

"तेही खरं आहे जी," म्हणाले, आणि परत विचारायला गेले! मी कपाळावर हात मारून घेतला. माझं डोकं तसंही लवकर तापतं.

मेच्या शेवटी तर अख्खं घर ऑटोतून उतरलं. भाऊंची म्हातारी माय माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि स्क्रीनकडे बोट करून म्हणाली, "गोरं का काळं, ते नाही विचारत का याच्यात?"

"आजी, हे साडीचं दुकान नाही."

"मंग ते कोणावर जाईन, ते कसं समजन?"

तासभर भांडून सगळ्यांचं एकदाचं एकमत झालं. मी देवाचं नाव घेतलं, माउस शेवटच्या बटणावर नेला, आणि पंजा आला. अमावस्या जवळ आली होती म्हणे.

"भाऊ, हात जोडते, आजच दाबू द्या."

"चार दिवसानं काय होते जी?"

चार दिवसांनी काय होतं ते ऐका. वहिनींचा खरा जन्मदिवस त्यांच्या आईलाही ठाऊक नव्हता. शाळेत घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख टाकून दिली होती. तीच साऱ्या कागदांवर. आठ महिने ती तारीख मी माझ्या हातांनी टाइप करत होते, पण माझ्याही डोक्यात आलं नाही. अमावस्या आटोपून भाऊ आले तेव्हा जून लागला होता. वहिनींचं वय एकानं वाढलं होतं, आणि तान्ह्या बाळाचा पर्याय बंद झाला होता. आता दोन ते चार वर्षांचंच मूल मिळणार होतं.

मी भाऊंना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांचा पंजा सवयीनं वर आला होता, तो तसाच राहिला. पिशवीत कागदांच्या खाली वहिनींनी शिवलेली वीतभर दुपटी होती, ती मला त्या दिवशी दिसली. मला रडूच आलं.

तेव्हा बाकावरून आवाज आला.

"अजी, तुमी हात खाली घ्या." वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. "मॅडम, मले विचारा. मले लेकरू पाहिजे. पोरगा असो, पोरगी असो, कुठलंही असो. चालतं-बोलतं आलं तरी माय मलेच म्हणन ना?"

मी बटण दाबलं. कोणी थांबवलं नाही.

पुढं तीनेक वर्षं भाऊ दर बाजाराला दारात उभे. "लागला का जी नंबर?" आणि मी दर वेळी सुनावायची, आठ महिने आधी दाबू दिलं असतं तर! एकदा ते हळूच म्हणाले, "माहीत आहे जी. मी रोजच म्हणतो मले. पण मी दिवसभर वावरात. लेकरू घरी राहणार. घरच्यांनी मनातून हो म्हटलं नसतं, तर त्याले मांडीवर कोणी घेतलं असतं?"

त्यानंतर मी ते वाक्य परत काढलं नाही.

मग नंबर लागला. ओडिशातली मुलगी, चार वर्षांना थोडीच कमी. मोठ्या भावाचं म्हणणं तेवढं खरं ठरलं. पहिले दोन महिने पोरीचं एक अक्षर कोणाला समजत नव्हतं. म्हातारी तिला मांडीवर घेऊन बसायची आणि दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. मला हे बाजारात कळलं, कारण भाऊंचं दुकानात येणं बंद झालं होतं. त्यांना आता माझ्याशी काय काम?

परवा वहिनी पोरीला घेऊन आल्या. शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म होता.

"भाऊ कुठं?"

"धानाचा रोवणा लागला ना जी. बांधीत आहेत."

पोरगी थेट भाऊंच्या खुर्चीत चढून बसली. मी फॉर्म भरला. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, सगळं बरोबर. पाच मिनिटांचं काम. माउस शेवटच्या बटणावर नेला.

स्क्रीनसमोर एक छोटा पंजा उभा राहिला. पाचही बोटं ताणलेली.

"थांबा जी, दाबू नका! बाबाले विचारा लागते."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आमची बुढी तेच सांगते जी साऱ्या गावाले. बापावर गेली म्हणते."

दुकानात सहा माणसं खोळंबली होती. मी माउसवरचा हात काढला आणि म्हटलं, "लावा वहिनी, फोन लावा भाऊंना."